हंडा आपल्या डोक्यावर, नकाशा त्यांच्या हातात

शिरपूरच्या आमच्या केंद्रावर मुली साधारण ठरलेल्या कारणांनी येतात. जमवलेलं लग्न नको असतं, घरात मारहाण असते, नाहीतर जातीचा दाखला किंवा शिष्यवृत्ती अडलेली असते. या सप्टेंबरात एक मुलगी आली ती यातल्या कुठल्याच कारणाने नाही. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, विषय भौतिकशास्त्र. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. आई केळीच्या बागेत आणि कापसाच्या वेचणीला मजुरीने जाते. मुलीच्या हातात सायबर कॅफेतून छापून आणलेला एक अर्ज होता. भूविज्ञान, भूभौतिकी, वातावरणशास्त्र असले विषय घेऊन एम.एस्सी. करायची आणि त्यासाठी देशपातळीवरची प्रवेशपरीक्षा द्यायची, असं तिने ठरवलं होतं. मला म्हणाली, "ताई, यात पालकांची संमती कुठे लिहायची? मी सगळी पानं पाहिली, रकाना सापडत नाही."

मीही पानं पाहिली. वडिलांचं नाव होतं, फोन नंबर होता, फोटो, सही, गुणपत्रिका सगळं होतं. संमतीचा रकाना नव्हताच. एकवीस वर्षांच्या मुलीला एम.एस्सी.चा अर्ज करायला कायद्याने कुणाची संमती लागत नाही. पण तिला वाटलं तो रकाना असणारच, आणि तिचं फारसं चुकलं नव्हतं. पुढच्या तीन आठवड्यांत जो तो तिच्याकडे तीच संमती मागत होता. मामा म्हणाला, दोन वर्षं पुण्या-मुंबईला ठेवलेल्या पोरीला मागणी कोण घालणार? एका प्राध्यापकांनी तिला चांगल्या मनाने समजावलं, की त्या विषयात डोंगरदऱ्यांत हिंडावं लागतं, मुलांबरोबर मुक्काम करावे लागतात, ते मुलींचं काम नाही, तू बी.एड. कर. आणि शेजारची म्हातारी तिच्या आईला हसून म्हणाली, "काय वं माय, पोरले दगडं फोडाले धाडशी का?"

हे शेवटचं वाक्य मी विसरू शकले नाही. कारण म्हातारीने स्वतः दगड फोडले आहेत. १९७२ च्या दुष्काळात ती तरणी होती आणि खडीच्या कामावर होती. त्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो बायकांनी खडी फोडली, माती वाहिली, पाझर तलाव आणि नालाबंडिंग उभं केलं. त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि त्या कायद्याचा अभिमान आपण चळवळीतल्या बायका अजून बाळगतो. बाळगावाच. पण एक प्रश्न आपण तेव्हा विचारला नाही आणि आजही विचारत नाही. तलाव कुठे बांधायचा हे कुणी ठरवलं? खालचा दगड पाणी जिरवणारा की अडवून धरणारा, हे कुणाला कळत होतं? ज्या बाईने टोपली वाहिली तिला कुणी सांगितलं का, की ही जागा का निवडली? आपल्या मागण्या मजुरीच्या होत्या, पाळणाघराच्या होत्या, समान दामाच्या होत्या. जागा कुठली हा 'साहेबांचा' विषय होता. दगड फोडायला बाई चालते. दगड वाचायची वेळ आली की ते डोंगरदऱ्यांतलं, पुरुषाचं काम होतं.

शिरपूरला बसून हे लिहिते आहे त्याला कारण आहे. पाण्याच्या बाबतीत शिरपूरचं नाव आज महाराष्ट्राबाहेरही घेतात. 'शिरपूर पॅटर्न' बघायला गाड्या भरभरून माणसं येतात. हा पॅटर्न घडला तो भूविज्ञानातून. भूजल विभागातून निवृत्त झालेले वरिष्ठ भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून, तेव्हाचे आमदार अमरिशभाई पटेल यांच्या पाठबळाने, इथल्या नाल्यांवर काम सुरू केलं. आमचा तालुका दोन तऱ्हांचा आहे. उत्तरेला सातपुडा, काळा पाषाण. दक्षिणेला तापीचा गाळ, काही ठिकाणी शेकडो फूट जाडीचा. मध्ये पायथ्याशी दगडगोट्यांचा भरड पट्टा, तिथे नाल्याचं पाणी बघता बघता जमिनीत शिरतं. गाळाच्या पट्ट्यात वरून पाऊस कितीही पडो, मध्ये चिकण मातीचे थर असल्याने पाणी खाली उतरत नाही, आणि खालून मात्र पंप दिवसरात्र उपसा करतात. विहिरी आटल्या, बोअर खोल खोल गेले. तेव्हा नाले रुंद करायचे, खोल करायचे, चिकण थर कापून खालची वाळू उघडी करायची, ठिकठिकाणी बिनदाराचे सिमेंटचे बंधारे घालायचे, असं ते काम होतं. काही विहिरींत पाणी वरून सोडलं. पाणी वर आलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्यावर वाद घालायचा नाही.

पण पुढे काय झालं? डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार आलं आणि नाला खोदणं हाच जणू पाण्याचा मंत्र झाला. जिथे गाळ नाही, नुसता पाषाण आणि मुरूम आहे, तिथेही पोकलेन उतरले. जाणकारांनी तेव्हाच हरकत घेतली होती, की गाळाच्या जमिनीचं औषध पाषाणाला लावू नका. नाला जरुरीपेक्षा खोल गेला तर आजूबाजूच्या विहिरींचं पाणीच उलटं नाल्यात उतरतं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, समिती बसली. मैत्रिणींनो, या सगळ्या वादात बायका कुठे होत्या? एका बाजूला भूवैज्ञानिक पुरुष, दुसऱ्या बाजूला अर्थतज्ज्ञ पुरुष, पोकलेनवर पुरुष, ठेका पुरुषाचा, विहीर पुरुषाच्या सातबाऱ्यावर. आणि पाणी पुरलं नाही की हंडा घेऊन रांगेत उभी ती बाई. ग्रामसभेत आमच्या एका महिला सदस्याने विचारलं होतं, की आमच्या वस्तीकडच्या नाल्यावर बंधारा का नाही? उत्तर आलं, 'तिथे टेक्निकली बसत नाही.' ती गप्प बसली. मीही गप्प बसले. मी एम.एस.डब्ल्यू. आहे. समाजशास्त्र शिकले, समुपदेशन शिकले, संघटन शिकले. तो साहेब खरं बोलतो आहे की वस्ती आदिवासींची आहे म्हणून टाळतो आहे, हे ओळखायला जे लागतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

ही मुलगी नेमकी तेच शिकायला निघाली आहे, आणि तिचं कारण ऐकण्यासारखं आहे. ती आठवीत असताना वस्तीवरच्या बोअरचं पाणी गेलं. दुसरा बोअर घ्यायचा ठरलं. पाणाड्या आला. तळहातावर नारळ ठेवून तो फिरत होता आणि बायकांनी लांब उभं राहायचं होतं. त्याने दाखवलेल्या जागी कोरडा धूर निघाला. वर्गणीचे पैसे गेले. नंतर सरकारी यंत्रणेचा माणूस आला, तारा पसरून, जमिनीत खुंट्या ठोकून त्याने मोजमाप घेतलं आणि पन्नासेक पावलांवर पाणी लागलं. तिने त्या माणसाला विचारलं, 'इथे का लागलं, तिथे का नाही?' तो म्हणाला, 'मोठी झालीस की कळेल.' ती म्हणते, "ताई, मी मोठी झाले, पण कळलं नाही." त्या तारांतून जमिनीत वीज सोडून खालच्या थराचा विरोध मोजतात, त्यालाच भूभौतिकी म्हणतात, आणि हे आपण शिकतो आहोत त्याच भौतिकशास्त्रावर चालतं, हे तिला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, तेही स्वतःच वाचून समजलं.

आता आपल्याबद्दल बोलू. कारण मामाला आणि प्राध्यापकाला नावं ठेवणं सोपं आहे.

पाण्यासाठी महाराष्ट्रात बायकांनी जेवढे मोर्चे काढले तेवढे पुरुषांनी काढले नसतील. मृणाल गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणत. हंडा मोर्चा हा शब्दच आपला आहे. गावोगाव आपण रिकामे हंडे वाजवले, तहसील कचेरीसमोर फोडले. टँकर आला, कधी नळयोजना आली. या अर्ध्या शतकात आपण किती मुली भूविज्ञान शिकायला पाठवल्या? मी आमच्या जिल्ह्यातल्या चार संघटनांच्या कार्यकर्त्यांना विचारलं. मुलींना पुढे शिकवायचं म्हटलं की आपण काय सुचवतो? नर्सिंग, डी.एड., वकिली, आणि माझ्यासारखी असेल तर एम.एस.डब्ल्यू. शिरपुरात फार्मसी आहे, इंजिनिअरिंग आहे, म्हणून तेही. हे सगळे चांगले मार्ग आहेत. पण यातला एकही पाण्याच्या मुळाशी जात नाही. एकीनेही भूविज्ञानाचं नाव घेतलं नाही. एक ज्येष्ठ कार्यकर्ती तर म्हणाली, "अगं, हुंड्याच्या केसेस निस्तरताना आपला जीव जातोय, आणि हे आय.आय.टी. वगैरे मध्यमवर्गीय खूळ कशाला?"

तिच्याबद्दल आदर आहे म्हणूनच उत्तर देते. मध्यमवर्गीय खूळ कुणाचं? खाली पाणी कुठे आहे हा प्रश्न ज्यांच्या घरात नळ आहे त्यांना पडत नाही. उन्हाची लाट किती दिवस राहील हे कळण्याची गरज जळगाव-धुळ्यात ४५ अंशांत उघड्यावर राबणाऱ्या बाईला आहे, पंख्याखाली बसलेल्याला नाही. वीज पडून मरतात ते शेतातले, गुरांमागचे, झाडाखाली आसरा घेतलेले. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेने वीज पडण्याची सूचना देणारं एक ॲप काढलं आहे. नाव ठेवलंय 'दामिनी'. बाईचं नाव! पण पाड्यावरच्या पावरा बाईच्या हातात तो फोन नसतो, फोन नवऱ्याकडे असतो आणि नवरा बाजाराला गेलेला असतो. ही साधी गोष्ट त्या संस्थेत कोण सांगणार? जी त्या पाड्यावरून तिथे गेली असेल तीच.

दुसरी हरकत जास्त शिकलेल्या मैत्रिणींकडून येते. १९८८ मध्ये वंदना शिवा यांचं पुस्तक आलं, त्यानंतर आपल्या शिबिरांतून एक भाषा रुळली. आधुनिक विज्ञान पुरुषी आहे, निसर्गाला ओरबाडणारं आहे, बाईचं निसर्गाशी वेगळं, जिव्हाळ्याचं नातं आहे, तिचं पारंपरिक ज्ञान हेच खरं. यातला पहिला भाग पुष्कळसा पटतो. मोठी धरणं, खाणी, कीटकनाशकं यांचा इतिहास आपल्यासमोर आहे. पण दुसऱ्या भागाने आपल्याला फार गोड गुंगी दिली. बाईला पाण्याची ओळख आहे ती ते वाहून आणावं लागतं म्हणून. त्यात जिव्हाळा किती आणि मणक्याचं दुखणं किती, हे एकदा तिलाच विचारा. सातपुड्यातल्या बायकांना कुठला झरा कोणत्या महिन्यात आटतो हे अचूक माहीत असतं. हे ज्ञान आहे, आणि कुठल्याही भूवैज्ञानिकाने पायाशी बसून ते ऐकावं इतकं मोलाचं आहे. पण ते तिच्याजवळ राहतं, निर्णयाच्या कागदावर येत नाही. कागदावर येतो तो खुंट्या ठोकणाऱ्याचा आकडा. आपण त्या ज्ञानाचे गोडवे गायचे आणि खुंट्या पुरुषांच्या हातात ठेवायच्या, याला काय म्हणायचं?

जळगावच्या आपल्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. खान्देशातल्या प्रत्येकीला त्याचा आनंद झाला. पाऊस, पेरणी, माती यांच्याकडे इतक्या नेमकेपणाने पाहणारी दुसरी बाई कोण? पण तिला लिहिता येत नव्हतं, हे आपण कौतुकाच्या ओघात विसरतो. तिचे शब्द मुलाने आणि घरच्यांनी उतरवून घेतले म्हणून राहिले. तिच्या नावाच्या विद्यापीठात पर्यावरण आणि भूविज्ञानाची प्रशाला आहे. तिथे आपल्या पाड्यांवरच्या किती मुली पोचतात, हा प्रश्न पुतळ्याला हार घालताना विचारायला हवा.

विज्ञानातल्या बायकांची नावं आपण ८ मार्चच्या फलकावर लिहितो. त्यांच्याकडे जरा नीट पाहू, कारण त्यांतल्या प्रत्येकीला अर्जानेच अडवलं किंवा अर्जानेच वाट दिली. कमला भागवत, लग्नानंतरच्या सोहोनी, मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या आणि १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेकडे त्यांनी अर्ज केला. संचालक होते सी. व्ही. रामन. बाई म्हणून अर्ज नाकारला. कमलाबाई समोर जाऊन उभ्या राहिल्या, हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या परीक्षेवर, अपमानास्पद अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. (दर २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो तो याच रामन यांच्या शोधाच्या स्मरणार्थ. आठवड्याभराने महिला दिन येतो. दोन्ही कार्यक्रम बहुधा एकाच सभागृहात, एकाच सतरंजीवर होतात.) ॲना मणी केरळच्या. रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं, प्रबंध लिहिला, आणि विद्यापीठाने पदवी नाकारली, कारण त्यांच्याकडे एम.एस्सी.चा कागद नव्हता. त्या १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात आल्या, बाहेरून आणावी लागणारी हवामानाची उपकरणं देशात बनवून घेतली आणि उपमहासंचालक होऊन निवृत्त झाल्या. डॉक्टरेट शेवटपर्यंत नाही. अदिती पंत नागपुरात जन्मल्या, पुण्यात शिकल्या, अमेरिकन सरकारची शिष्यवृत्ती मिळवून हवाईला समुद्रविज्ञान शिकायला गेल्या आणि १९८३ मध्ये भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या पहिल्या भारतीय स्त्रिया ठरल्या. बर्फात मुक्काम करून आल्या, आणि आमच्या प्राध्यापकांना तोरणमाळचीही काळजी वाटते.

सुलोचना गाडगीळ यांच्यावर मात्र थोडं थांबायला हवं. २०२५ च्या जुलैत त्या गेल्या. पुण्यात जन्म, हार्वर्डची डॉक्टरेट, परत येऊन आयुष्यभर मान्सूनचा अभ्यास. भारतातला पावसाचा पट्टा कसा पुढे-मागे सरकतो यावरचं त्यांचं काम जगभर मानलं गेलं. पण मला त्यांचं वेगळंच काम मोठं वाटतं. कर्नाटकातल्या पावगडच्या कोरडवाहू भुईमूग शेतकऱ्यांशी त्या बसून बोलल्या, पेरणीची तारीख आणि पावसाचा खंड यांचा मेळ त्यांच्या अनुभवातून आणि आकड्यांतून घालून पाहिला. मघाशी मी म्हटलं की झऱ्याचं ज्ञान कागदावर येत नाही. इथे ते एका बाईने आणलं होतं.

आता या बायकांची घरंही पाहा. कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बंगलोरच्या संस्थेत शिकलेले. अदिती पंत औंधच्या पंत घराण्यातल्या, वडील राजदूत. सुलोचनाबाई पुण्याच्या सुशिक्षित घरातल्या. यात त्यांचं कर्तृत्व कमी होत नाही. दार त्यांनाच फोडावं लागलं. पण दारापर्यंतचा रस्ता घराने बांधून दिला होता, आणि तो जातीचा, शहराचा, इंग्रजीचा रस्ता होता. १९९० च्या दशकात दलित मैत्रिणींनी आपल्याला विचारलं होतं, की तुमच्या 'सगळ्या बायका एक' यात आम्ही कुठे? तोच प्रश्न या फलकालाही लागू आहे. आमच्या पायथ्याच्या मुलीला काका नाही, मामा आहे, आणि तो काय म्हणाला ते वर लिहिलंच आहे. तिच्यासाठी तो रस्ता घराने बांधून दिलेला नाही. संघटनेने नाही बांधला तर कोण बांधणार?

डोंगरदऱ्यांचा मुद्दा उरला. तो नुसता प्राध्यापकाच्या डोक्यात नव्हता, कायद्यात होता. १९५२ च्या खाण कायद्याने बाईला जमिनीखालच्या खाणीत कामाला बंदी होती, आणि वरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळात. मजूर बाईच्या संरक्षणासाठी म्हणून केलेला कायदा भूविज्ञान आणि खाणकाम शिकलेल्या मुलीच्या आड सहासष्ट वर्षं उभा राहिला. २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती बंदी उठली. म्हणजे या मुलीच्या मोठ्या बहिणीच्या वयाच्या मुलींनी जेव्हा विषय निवडले, तेव्हा 'तिथे मुलींना नोकरी नाही' हे खरंच होतं, आणि शिक्षक तेच जुनं वाक्य अजून सांगत आहेत. त्यांना कुणीतरी तारीख दाखवायला हवी.

आणि सहलींमधल्या असुरक्षिततेचं म्हणाल, तर त्यावर मुलीला घरी बसवणं हे उत्तर कधीच नव्हतं. हे आपण रात्रपाळीबद्दल म्हणालो, बसबद्दल म्हणालो. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे लैंगिक छळाविरुद्धचे नियम आपल्यापैकी पुष्कळजणींना फक्त वर्ग आणि वसतिगृहापुरते वाटतात. त्यात 'परिसर' या शब्दाच्या व्याख्येत संस्थेबाहेरची क्षेत्रभेट, अभ्याससहल, तिथवरचा प्रवास हे सगळं येतं. म्हणजे सातपुड्यात तंबू ठोकला तरी तिथे तक्रार समितीचा अधिकार चालतो. महाविद्यालयांच्या तक्रार समित्यांवर बाहेरच्या सदस्य म्हणून आपणच बसतो ना? मग पुढच्या बैठकीत विचारा, की तुमच्या क्षेत्रभेटींना शिक्षिका जाते का, मुक्कामाला मुलींसाठी न्हाणी-संडास असतो का, आणि कुठल्या मुलींना 'तू राहू दे' म्हणून सांगितलं गेलं.

राहता राहिला अर्ज. या मुलीबरोबर बसून मी ज्या गोष्टी पहिल्यांदा शिकले त्या लिहिते, कारण आपल्या एकाही मार्गदर्शन शिबिरात त्या सांगितल्या जात नाहीत. आय.आय.टी.च्या एम.एस्सी. प्रवेशपरीक्षेचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात भरतात, परीक्षा फेब्रुवारीत असते, मुलींना फी निम्मी आहे. पेपर फक्त इंग्रजीत. बी.एस्सी.ला भूविज्ञान नसलं तरी भौतिकशास्त्र-गणित असलेल्या मुलीला भूभौतिकी आणि वातावरणशास्त्राची वाट मिळते. पुणे विद्यापीठात भूविज्ञान आणि वातावरण-अवकाशविज्ञान असे दोन्ही विभाग आहेत. पुढे संशोधनासाठीच्या नेट परीक्षेत 'पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान' असा स्वतंत्र विषयच आहे. ती शिष्यवृत्तीसह पास झाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, आणि वयोमर्यादेत मुलींना पाच वर्षांची सूट आहे. लग्न, बाळंतपण, सासर यांत गेलेली वर्षं त्या पाचांत निदान मोजली तरी जातात. परदेशी जायचं म्हटलं तर अमेरिकेत या विषयांच्या डॉक्टरेटला बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर निर्वाहखर्च देतात. पण आधी एखाद्या प्राध्यापकाला स्वतः पत्र लिहावं लागतं, आपला हेतू दोन पानांत मांडावा लागतो आणि तीन शिफारसपत्रं जोडावी लागतात. दलित विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाचीही स्वतंत्र आहे.

यातली शिफारसपत्रं ही खरी मेख आहे. मार्क मुलीचे असतात, पत्र दुसऱ्याच्या हातातलं असतं. जो शिक्षक 'लग्न झालं की सोडून देशील' म्हणतो तोच पत्र लिहिणार. दोन वर्षं त्याच्यासमोर नम्रपणे उभं राहायचं, प्रयोगशाळेत तो नको इतका जवळ आला तरी. पत्राच्या भीतीने दाबलेल्या तक्रारी मी माझ्या कामात ऐकल्या आहेत. एकाच माणसाच्या मर्जीवर मुलीचं शिक्षण टांगू नये म्हणून विद्यापीठांकडे मागणी करायला हवी. ती होईतो आपल्या ओळखीच्या निवृत्त शिक्षिका, हवामान खात्यातल्या, भूजल विभागातल्या बायका शोधून मुलींच्या पाठीशी उभ्या करायला हव्यात. दोन महिने त्यांच्या हाताखाली काम केलं तर त्या खरं पत्र लिहू शकतील.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, त्याचे मोठे फलक शिरपुरातही लागले. चांगलं झालं. पण त्यामुळे घरोघरी हिशेब असा बसला, की फार्मसी फुकट आहे तर हे दगडाचं शास्त्र पैसे मोजून कशाला? मुलीला काय आवडतं हे विचारायच्या आधीच विषय ठरतो. त्या यादीत मूलभूत विज्ञानाचं एम.एस्सी. आणि बाहेरगावच्या वसतिगृहाचा खर्च यावा, ही मागणी आपल्या निवेदनांत मला अजून कुठे दिसली नाही.

तिच्या आईला मी शेवटी भेटायला गेले. ती कापूस वेचून आली होती, बोटांना चिरा पडलेल्या. मी समजावायला बरंच काही तयार करून गेले होते. तिने एकच विचारलं, "तठे पाणी कोठे लागस ते शिकाडतस का?" मी हो म्हटलं. बरं, म्हणाली. मग मामाचं काय ते मी बघते, असंही म्हणाली आणि चुलीकडे वळली.

अर्ज शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी भरला. पेपर फेब्रुवारीतल्या एका रविवारी आहे. केंद्र कुठलं येईल ते प्रवेशपत्रावर कळेल. नाशिक येवो की पुणे, शिरपूरहून वेळेवर पोचायचं तर आदल्या रात्री मुक्काम करावा लागेल. मी तिच्याबरोबर येते आहे. दोन्ही शहरांतल्या मैत्रिणींपैकी कुणाकडे दोघींची एका रात्रीची सोय होत असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. तिला गणितात शिकवणी हवी आहे, आठवड्यातून दोनदा फोनवर चालेल. विद्युत-चुंबकत्वाचं एखादं वापरलेलं पाठ्यपुस्तक कुणाकडे असेल तर तेही पाठवा, इंग्रजी असलं तरी हरकत नाही.